डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम : फुप्फुसाच्या कॅन्सरशी लढलेला आणि त्याच आजाराने गेलेला सर्जन

घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर फुप्फुसाचा कॅन्सर असं लिहून आलं की नातेवाईक डॉक्टरांना पहिला सवाल एकच करतात, ऑपरेशन होईल का? आज या प्रश्नाला हो, नाही किंवा आधी तपासण्या करू, अशी तीन उत्तरं मिळतात. १९३३ पूर्वी उत्तर एकच होतं. नाही. हे उत्तर बदलण्यात ज्या माणसाचा सगळ्यात मोठा वाटा आहे, त्याचं नाव डॉ. एव्हर्ट्स अँब्रोज ग्रॅहम. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांना हे नाव माहीत असतं, पण सर्वसामान्य घरांपर्यंत ते पोचलेलं नाही. खरं तर त्यांची जिंदगी प्रत्येक घरात सांगावी अशी आहे, कारण ज्या आजारातून त्यांनी एका माणसाला ३० वर्षं आयुष्य मिळवून दिलं, त्याच आजारानं शेवटी त्यांना नेलं.

सर्जनचा मुलगा

ग्रॅहम यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. वडील डेव्हिड ग्रॅहम हे स्वतः सर्जन होते. त्यामुळे ऑपरेशन, जखमा, पट्ट्या हे विषय मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होते. प्रिन्स्टनमधून १९०४ मध्ये पदवी आणि शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून १९०७ मध्ये डॉक्टरकी, असा त्यांच्या शिक्षणाचा सरळ रस्ता होता. पण पुढे ते त्या रस्त्यावरून थोडे बाजूला गेले. हातात सर्जनची डिग्री असताना त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळात सर्जनची किंमत हाताच्या सफाईवर ठरायची. शरीरात आत काय घडतं हे कळल्याशिवाय नुसत्या हाताच्या सफाईचा उपयोग नाही, असं ग्रॅहम यांना वाटायचं.

१९१६ मध्ये हेलन ट्रेडवे यांच्याशी त्यांचा निकाह, म्हणजे त्यांच्या रिवाजाप्रमाणे लग्न झालं. हेलन स्वतः रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेट होत्या आणि पुढे औषधशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवराबायको दोघंही संशोधक असलेलं ते घर होतं. आपल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल आजही जिथे वाद होतात, तिथे ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

छावण्यांतले तरुण आणि छातीतला पू

पहिल्या महायुद्धात ग्रॅहम सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. १९१८ चं साल होतं. लष्करी छावण्यांत गोवर आणि फ्लूनंतर न्यूमोनिया पसरला होता. अनेक जवानांच्या छातीत, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत पू साचायचा. याला एम्पायमा म्हणतात. पू आहे तर चीर देऊन काढून टाका, हा जुना नियम. डॉक्टर लगेच छाती उघडायचे, आणि १०० पैकी सुमारे ३० जवान मरायचे. काही छावण्यांत तर याहून कितीतरी जास्त.

यामागचं कारण शोधायला एक कमिशन नेमलं गेलं आणि ग्रॅहम त्यात होते. डॉ. रिचर्ड बेल यांच्याबरोबर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की छातीच्या दोन बाजू म्हणजे भिंत घातलेल्या दोन बंद खोल्या नव्हेत. मधला पडदा हलता असतो. न्यूमोनिया चालू असताना एका बाजूला भोक पाडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि दुसऱ्या बाजूचं फुप्फुससुद्धा दाबलं जातं. आधीच कमी श्वास असलेला माणूस मग गुदमरून जातो. त्यांचा सल्ला साधा होता. सुरुवातीला सुईने किंवा बंद नळीने पू काढा, हवा आत जाऊ देऊ नका, न्यूमोनिया ओसरून पू घट्ट झाला की मगच छाती उघडा. हा सल्ला पाळल्यावर मृत्यूचं प्रमाण १०० पैकी ५ च्या खाली आलं.

छाती उघडली तरी माणूस जगू शकतो, फक्त हवेचा दाब सांभाळला पाहिजे, हा धडा ग्रॅहम यांनी इथे घेतला. पुढचं सगळं काम या धड्यावर उभं राहिलं.

इथे आपल्या वारशातलं एक नाव आठवतं. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जातं आणि तिथून डाव्या बाजूला येतं, हे दमास्कसमध्ये शिकून काहिरात काम केलेल्या इब्न अन-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवलं होतं. फुप्फुसाला इतक्या मोठ्या रक्तवाहिन्या का असतात, त्याचं कारण या शोधात आहे. शरीरातलं सगळं रक्त तिथून फिरतं. म्हणूनच फुप्फुस कापायचं म्हटलं की विसाव्या शतकातल्या सर्जनचेही हात थांबायचे.

सेंट लुईसमधली ३२ वर्षं

१९१९ मध्ये ग्रॅहम सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे शस्त्रक्रियेचे प्रमुख प्राध्यापक आणि तिथल्या बार्न्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. १९५१ पर्यंत ते या पदावर होते. खाजगी प्रॅक्टिसमध्ये पैसा होता, पण त्यांनी शिकवणं आणि संशोधन पत्करलं.

इथलं त्यांचं पहिलं मोठं काम पित्ताशयाचं. एक्स-रेमध्ये पित्ताशय दिसत नसे. शरीरात असं एक द्रव्य सोडायचं जे पित्ताबरोबर पित्ताशयात गोळा होईल आणि एक्स-रेत दिसेल, अशी ग्रॅहम आणि त्यांचे शागीर्द डॉ. वॉरेन कोल यांची कल्पना होती. कुत्र्यांवर प्रयोग सुरू होते, पण काही दिसेना. एके दिवशी एकाच कुत्र्याचं पित्ताशय स्वच्छ दिसलं. चौकशी केली तर प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने कबूल केलं की त्या कुत्र्याला सकाळी खायला घालायचं राहून गेलं होतं. पोट रिकामं असलं की पित्ताशय रिकामं होत नाही, भरून राहतं! १९२४ मध्ये हे तंत्र जाहीर झालं. सोनोग्राफी येईपर्यंत जगभरातल्या लाखो लोकांच्या पित्ताशयातले खडे याच पद्धतीने शोधले गेले. कामाला असलेल्या माणसाची चूकही न ओरडता ऐकून घेतली तर त्यातून इल्म मिळतो, हे या किस्स्यातून दिसतं.

५ एप्रिल १९३३

पिट्सबर्ग शहरातला एक ४८ वर्षांचा डॉक्टर, स्वतः बाळंतपणाचा तज्ज्ञ, अनेक महिने ताप आणि छातीच्या दुखण्याने हैराण होता. डाव्या फुप्फुसावर सावली दिसत होती. नळी घालून तुकडा काढला तेव्हा कॅन्सर निघाला. तो ग्रॅहम यांच्याकडे आला. ऑपरेशनपूर्वी तो काही दिवस घरी जाऊन आला. त्या वेळी त्याने दातांत सोनं भरून घेतलं आणि त्याच फेरीत दफनासाठी जागाही विकत घेतली, असं सांगितलं जातं. जगण्याची उमेदही होती आणि जायची तयारीही.

ग्रॅहम यांचा विचार फुप्फुसाचा फक्त एक भाग काढण्याचा होता. छाती उघडल्यावर कळलं की रोग श्वासनळीच्या फाट्याजवळ आहे, आणि एक भाग काढून काही होणार नाही. अख्खं डावं फुप्फुस काढावं लागणार होतं. अख्खं फुप्फुस काढण्याची ऑपरेशनं त्याआधी युरोपात आणि अमेरिकेत झाली होती, पण ती दुसऱ्या आजारांसाठी आणि टप्प्याटप्प्याने. कॅन्सरसाठी एकाच बैठकीत पूर्ण फुप्फुस काढून माणूस जगला, असं उदाहरण नव्हतं. ग्रॅहम यांनी फुप्फुसाच्या मुळाशी सगळ्या वाहिन्या तात्पुरत्या आवळून पाहिल्या. हृदयाने ते सहन केलं. मग त्यांनी फुप्फुस काढलं. रिकामी पोकळी भरून यावी, बरगड्यांची भिंत आत बसावी म्हणून काही बरगड्याही काढल्या. उरलेल्या टोकापाशी किरणोत्सारी रेडॉनचे बारीक दाणे ठेवले.

पेशंटने पुढे बराच काळ हॉस्पिटलात काढला. पण तो बरा झाला, घरी गेला, परत बाळंतपणं करू लागला. १९६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३० वर्षं तो जगला. ही बातमी जगभर पसरली आणि सर्जनांची भीड चेपली. जे ऑपरेशन अशक्य मानलं जायचं ते करायला लोक पुढे आले.

मग बाकीचे का नाही जगले?

पण नंतर एक कोडं पडलं. ऑपरेशन तेच, सर्जन निष्णात, टाके व्यवस्थित, पेशंट घरीही जायचा. तरी वर्ष-दोन वर्षांत अनेकांचा आजार परत यायचा. काहींचा मात्र कधीच परत येत नसे. दोघांच्या छातीतली गाठ सारख्याच आकाराची असली तरी असं व्हायचं. फरक कुठे होता?

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी गाठीच्या बाहेर, शेंगदाण्याएवढ्या ग्रंथींमध्ये आहे. पायाला जखम होऊन ती चिघळली की जांघेत गाठ येते, आपल्याकडे अवधान आलं म्हणतात. ती म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. शरीरभर रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक बारीक जाळं असतं, त्यातून पाण्यासारखा द्रव वाहतो. त्या वाटेवर जागोजागी या ग्रंथी चौकीसारख्या बसलेल्या असतात आणि येणाऱ्या जंतूंना अडवतात. कॅन्सरच्या पेशीही याच वाटेने निघतात. आधी जवळच्या चौकीत अडकतात, तिथे वाढतात, मग पुढच्या चौकीत जातात.

फुप्फुसात ही वाट साधारण ठरलेली आहे. पहिल्या ग्रंथी फुप्फुसाच्या आत आणि त्याच्या मुळाशी, जिथे श्वासनळी आत शिरते तिथे असतात. त्यांच्यापुढच्या छातीच्या मध्यभागी, श्वासनळीच्या आजूबाजूला आणि तिच्या फाट्याखाली. त्याही पुढच्या म्हणजे छातीच्या दुसऱ्या बाजूच्या किंवा गळ्याच्या हाडावरच्या ग्रंथी. डॉक्टर रिपोर्टवर इंग्रजी एन अक्षरापुढे आकडा लिहितात तो याचाच. एन ० म्हणजे ग्रंथी साफ. एन १ म्हणजे फुप्फुसातल्या किंवा मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंत. एन २ म्हणजे त्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींपर्यंत. एन ३ म्हणजे पलीकडे.

ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये फुप्फुसाच्या मुळाशी सगळं एकत्र बांधलं होतं. तशा बांधणीत मुळाजवळच्या ग्रंथी एकेक वेचून काढायला फारशी जागा नसते. त्याच वर्षी जुलैमध्ये बाल्टिमोरचे डॉ. विल्यम राइनहॉफ यांनी प्रत्येक रक्तवाहिनी वेगळी सोडवून, वेगळी बांधून फुप्फुस काढलं. यामुळे मुळाशी नीट पाहता येऊ लागलं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम केहन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाबरोबर छातीतल्या ग्रंथीही पद्धतशीर काढण्याची रीत मांडली. १९५९ मध्ये स्वीडनच्या डॉ. एरिक कार्लेन्स यांनी गळ्याखाली लहान चीर देऊन, छाती न उघडता मधल्या ग्रंथींचा तुकडा काढण्याची पद्धत दिली. १९७८ मध्ये जपानचे डॉ. त्सुगुओ नारुके यांनी या ग्रंथींचा नंबरवार नकाशा प्रसिद्ध केला, त्यामुळे टोकियोतला आणि मुंबईतला सर्जन एकाच ग्रंथीबद्दल एकाच नंबराने बोलू लागले.

आकडे काय सांगतात

१९९९ ते २०१० या काळातल्या रुग्णांची माहिती अनेक देशांतून एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. ऑपरेशननंतर काढलेल्या ग्रंथी मायक्रोस्कोपखाली तपासून केलेले हे गट आहेत. ग्रंथी साफ असलेल्या १०० रुग्णांपैकी साधारण ७५ जण ५ वर्षांनंतर हयात होते. एन १ मध्ये ४९. एन २ मध्ये ३६. एन ३ मध्ये २०. एकेक चौकी ओलांडली गेली की आकडा खाली येतो.

याच अभ्यासात आणखी एक बारकावा दिसला. नुसतं ग्रंथीत आहे की नाही एवढंच नव्हे, तर किती ठिकाणच्या ग्रंथींत आहे यानेही फरक पडतो. एन १ मध्ये एकाच ठिकाणच्या ग्रंथींत रोग असेल तर ५ वर्षं जगणारे १०० पैकी ५९, जास्त ठिकाणी असेल तर ५०. मधल्या ग्रंथींपैकी एकाच ठिकाणी रोग असेल आणि मुळाजवळच्या साफ असतील तर ५४, आणि मधल्या अनेक ठिकाणी असेल तर ३८. म्हणजे एन २ असं लिहिलेले दोन पेशंट एकसारखे नसतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, हे आकडे गटाचे आहेत, एका माणसाचं नशीब नव्हे. १०० पैकी २० मध्येही कुणाचा तरी बाप, कुणाची तरी अम्मी जगलेली आहे. दोन, या अभ्यासातल्या बऱ्याच रुग्णांच्या वेळी आजची अनेक औषधं नव्हती. आता ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर केमोथेरपी, काही पेशंटना ठरावीक बदलांवर काम करणाऱ्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं दिली जातात. ती कुणाला द्यायची हे ठरवतानाही ग्रंथींचा रिपोर्ट लागतो.

आपल्याकडची एक अडचण

आपल्या देशात टीबी खूप आहे. खोकला, ताप, वजन कमी होणं, एक्स-रेत सावली ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखी. म्हणून फुप्फुसाच्या कॅन्सरचे अनेक पेशंट आधी टीबीची औषधं घेत राहतात आणि मोलाचे महिने जातात. पिट्सबर्गचा तो डॉक्टर पेशंटही आधी अनेक महिने दुसऱ्याच निदानांत अडकला होता, आणि तो तर स्वतः डॉक्टर होता.

याची उलटी बाजूही आहे. टीबीमुळे किंवा जुन्या जंतुसंसर्गामुळेही छातीतल्या ग्रंथी सुजतात आणि पेट स्कॅनमध्ये चमकतात. स्कॅनवर ग्रंथी चमकली म्हणजे कॅन्सर तिथे पोचलाच, असं नाही. आणि ग्रंथी लहान दिसली म्हणजे साफच, असंही नाही. म्हणून ऑपरेशन होणार नाही असं केवळ स्कॅन पाहून ठरत असेल तर घरच्यांनी अदबीने विचारावं की ग्रंथीचा तुकडा तपासला का? आता दुर्बिणीच्या नळीला सोनोग्राफी जोडून, चीर न देता, श्वासनळीतूनच सुईने ग्रंथीतला नमुना घेता येतो. ऑपरेशन झालं असेल तर किती ग्रंथी आणि कुठल्या कुठल्या ठिकाणच्या काढून तपासल्या, हेही रिपोर्टवर पाहावं. दोन-चारच ग्रंथी तपासून साफ असं लिहिलं असेल, तर त्या साफ शब्दाचं वजन कमी असतं.

सिगारेट ओढणारा सर्जन

आता ग्रॅहम यांच्याकडे परत येऊ. ते स्वतः सिगारेट ओढायचे, आणि भरपूर ओढायचे. त्या काळात ते नवल नव्हतं. पहिल्या महायुद्धात जवानांना शिध्याबरोबर सिगारेटी वाटल्या गेल्या होत्या आणि लाखो तरुण ती सवय घेऊन घरी आले होते.

१९१९ मध्ये, ग्रॅहम सेंट लुईसला आले त्याच वर्षी, बार्न्स हॉस्पिटलमध्ये ऑल्टन ऑक्स्नर नावाच्या विद्यार्थ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचं एक शवविच्छेदन मुद्दाम दाखवलं गेलं. हा आजार इतका दुर्मीळ आहे की पुन्हा आयुष्यात दिसायचा नाही, असं प्राध्यापकांनी सांगितलं. पुढची १७ वर्षं ऑक्स्नरना खरंच तो दिसला नाही. मग १९३६ मध्ये सहा महिन्यांत ९ पेशंट आले. सगळे पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे, बहुतेकांनी महायुद्धात सुरुवात केलेली. ऑक्स्नर आता नामांकित सर्जन झाले होते. त्यांनी सिगारेटवर बोट ठेवलं. ग्रॅहम यांनी ते हसण्यावारी नेलं. याच काळात बायकांच्या मोज्यांचा खपही वाढला आहे, मग त्यालाही दोष द्यायचा का, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तर्क म्हणून हा मुद्दा चुकीचा नव्हता. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे शाळेतल्या मुलांनाही शिकवावं लागतं. पण मग तपासून पाहायला हवं. ती संधी १९४८ च्या सुमारास अर्न्स्ट वाइंडर या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या रूपाने आली. जर्मनीहून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना त्यांच्या सवयी विचारायची परवानगी मागत होता. ग्रॅहम यांना यातून काही निघेल असं वाटत नव्हतं. तरी त्यांनी परवानगी दिली, पेशंट उपलब्ध करून दिले, आणि आपलं नाव कामाला जोडलं.

२७ मे १९५० रोजी दोघांचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. ६८४ रुग्ण. कॅन्सरच्या मुख्य प्रकारातल्या पुरुषांपैकी ९६.५ टक्के मध्यम ते भरपूर सिगारेट ओढणारे निघाले. दुसऱ्या आजारांसाठी हॉस्पिटलात असलेल्या पुरुषांत हे प्रमाण ७३.७ टक्के होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनीही हाच निष्कर्ष काढला.

तरी ग्रॅहम थांबले नाहीत. वाइंडर आणि ॲडेल क्रोनिंगर यांच्यासह त्यांनी सिगारेटच्या धुरातला काळा चिकट अर्क उंदरांच्या पाठीवर लावला. १९५३ मध्ये जाहीर झालं की ४४ टक्के उंदरांना त्वचेचा कॅन्सर झाला. तंबाखू कंपन्या यावर भडकल्या. ग्रॅहम यांना मात्र आता शंका उरली नव्हती, आणि ते जाहीरपणे बोलू लागले. स्वतःची सिगारेटही त्यांनी याच सुमारास सोडली. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, जगभर मान असलेल्या माणसाने एका विद्यार्थ्याच्या कामामुळे आपलं मत फिरवलं. मतावर अडून बसणं सोपं होतं. नीयत साफ असल्याशिवाय हे होत नाही.

शेवट

१९५७ च्या सुरुवातीला ग्रॅहम यांना फ्लूसारखं वाटू लागलं. एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत कॅन्सर होता.

ज्या माणसाने एक फुप्फुस काढून दुसऱ्याचा जीव वाचवला, त्याच्यासाठी सर्जनच्या सुरीचा काहीही उपयोग नव्हता. दोन्ही बाजूंना पसरलेला रोग कापून काढता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! औषध दिलं गेलं, पण फायदा झाला नाही. त्यांनी जुने मित्र ऑक्स्नर यांना पत्र लिहून कळवलं की आपल्या दोन्ही फुप्फुसांत कॅन्सर सापडला आहे, सिगारेट काही वर्षांपूर्वीच सोडली होती, पण इतकी वर्षं इतकी ओढल्यावर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. ज्या मित्राचं म्हणणं कधीकाळी हसण्यावारी नेलं, त्यालाच ही कबुली. ४ मार्च १९५७ रोजी, ७४ वा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, बार्न्स हॉस्पिटलमध्येच त्यांचा इंतकाल झाला. त्यांचा १९३३ चा पेशंट त्यानंतर आणखी ६ वर्षं जगला.

ग्रॅहम यांनी सोडली तेव्हा उशीर झाला होता, मग सोडून काय उपयोग, असा अर्थ कुणी काढू नये. सिगारेट किंवा बिडी सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो, आणि जितक्या लहान वयात सोडावी तितका फायदा जास्त. चाळिशीत सोडणाऱ्याची आणि सत्तरीत सोडणाऱ्याची बरोबरी होत नाही. कॅन्सर झाल्यानंतर, ऑपरेशनच्या आधी सोडली तरी जखम भरायला आणि श्वास सांभाळायला मदत होते.

आपल्या घरांत दारूला हराम म्हणून हात न लावणारी माणसं बिडी, सिगारेट, हुक्का यांना मात्र किरकोळ समजतात. मस्जिदीबाहेर, चहाच्या टपरीवर, शादीच्या मंडपामागे हे रोज दिसतं. शरीर ही अल्लाहची अमानत आहे हे आपण मुलांना शिकवतो. हीच माणसं रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत १३-१४ तास एकही बिडी न ओढता राहतात. म्हणजे सोडायची ताकद त्यांच्यात आहे, फक्त इफ्तारनंतरचा पहिला झुरका टाळायचा आहे.

आणि ज्यांच्या घरात तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, थुंकीत रक्त आहे, विनाकारण वजन उतरतंय, त्यांनी टीबीची तपासणी जरूर करावी. पण टीबीची औषधं घेऊनही सावली कमी होत नसेल, तर महिन्यामागून महिने वाट पाहू नये. त्या ग्रंथींपर्यंत रोग पोचायच्या आधीचा काळच पेशंटच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा असतो.